माहूर गाडीची बेल

४ नोव्हेंबर, सोमवार

पिराजी कँटीनमध्ये सगळ्यांच्या देखत म्हणला, "निवृत्ती, तुझ्या बायकोच्या गाडीला आता बेल लागत न्हाई म्हणं." अन् हसला. बाकीचे ड्रायव्हर-कंडक्टरपण हसले. मी चहा पीत होतो. पीतच राहिलो.

कंडक्टरनं दोरी ओढायची, दोन बेल द्यायच्या, मगच ड्रायव्हरनं गाडी काढायची — साऱ्या गाड्यांना हाच नियम. माहूर गाडीला नाही! तिथं ड्रायव्हर भागवत आरशात बघतो, माझी बायको पंचशीला मान हलवते, अन् गाडी निघते. पिराजीनं स्वतःची मान हलवून दाखवली, बाईसारखी. परत हसले.

पिराजी माझ्याच गाडीवर कंडक्टर आहे. नांदेड-लातूर, लातूर-नांदेड, दिवसभर माझ्या पाठीमागं. त्याला उलट बोलायची सोय नाही. एक शब्द बोललो की लातूर येईपर्यंत तेच दळण दळतो.

पण आरशात बघतो म्हणजे काय? पंधरा वर्षं स्टिअरिंग धरून राहिलो, मी कधी कंडक्टरला आरशात बघितलं नाही. कशाला बघायचं? बेलचा आवाज येतो की. हा बघतो म्हणजे बेलसाठी बघत नाही.

५ नोव्हेंबर

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं. "तुमच्या गाडीची बेल बंद हाय का?" म्हणली, "दोरी तुटलीय." अन् उठून पाणी आणायला गेली. पाणी ताटाशेजारीच होतं.

६ नोव्हेंबर

दोरी तुटलेली नाही. माहूर गाडी धुवायला लागली होती, आत चढलो अन् ओढून बघितली. दोनदा. खणखणीत वाजली. धुणारा पाईप हातात धरून माझ्याकडं बघून राहिला. "काय झालं ड्रायव्हरसाब?" काही नाही म्हणलं अन् उतरलो.

एका दोरीसाठी खोटं बोलली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज डोळ्यांनी बघितलं. लातूर गाडी फलाटाला लावून पाणी प्यायला उतरलो, तर समोर माहूर गाडी. भागवत खाली उतरला, पंचशीलाची तिकिटाची पेटी स्वतः उचलली, वर नेऊन तिच्या सीटवर ठेवली. आता कुणी सांगावं मला — कोणता ड्रायव्हर कंडक्टरच्या पेटीला हात लावतो? पैशाचा मामला असतो, कंडक्टर सख्ख्या भावाला हात लावू देत नाही. पिराजी माझ्या शेजारी पेटी ठेवून लघवीला जातो तरी मोजून जातो!

एवढ्यावर थांबला नाही. तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. ती प्याली. त्यानं झाकण लावलं.

माझ्याकडून तिनं कधी झाकण उघडून घेतलं नाही. आठवून आठवून बघितलं. लोणच्याची बरणीसुद्धा नाही.

अन् तो भागवत म्हणजे कोण राजबिंडा? पस्तिशीचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. ताठ चालतो. कुणी मागून हाक मारली तर मान वळवत नाही, सगळ्या अंगासकट वळतो, नवरदेव मंडपात वळतो तसा. लई गुर्मी. तिला "पंचशीलाताई" म्हणतो. ताई म्हणणारे लई बघितले मी.

९ नोव्हेंबर

पिराजी म्हणतो, गाडी चौकात वळताना ती उठून ड्रायव्हरच्या जाळीपाशी जाते अन् हळू आवाजात काहीतरी बोलते. प्रत्येक चौकात. कुण्यातरी पॅसेंजरनं सांगितलं म्हणे.

ही वही पोरीनं, बुद्धप्रियानं दिली होती. "पप्पा, राग आला की इथं ओकत जा, मम्मीवर नको." आता काय ओकू? लिहिलं की आणखी येतो.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

महिना झाला घरात भाकर नाही. पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या येतात, कागदासारख्या. आज म्हणलं, ज्वारी संपली का जगातली? म्हणली, "थापायला वेळ न्हाई मिळत." वेळ नाही? पहाटे माझ्या आधी उठती. उठून पलंगाच्या कडेवर बसून राहती, मग कोमट पाण्याच्या घमेल्यात हात घालून बसती. मी म्हणलं, हे काय नवीन? म्हणली, "थंडीचं बरं वाटतं." वरून कसल्यातरी पिवळ्या गोळ्या खाती. "ताकदीच्या हायत."

हात दुखत असतील तर सोड नोकरी, म्हणलं. घरी बस आरामात. मी कमावतो तेवढं पुरतं आपल्याला. तसंही कुणाकुणाच्या गाडीवर, कुणाकुणासोबत जायचं बाईमाणसानं!

दार ओढून घेऊन ड्युटीवर गेली. मी काय वाईट बोललो? दुसऱ्याची बायको असती तर खूश झाली असती.

१३ नोव्हेंबर

बोलत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

आज तिची सुट्टी. सकाळी म्हणली, "हदगावला बहिणीकडं जाऊन येते." बरं म्हणलं. मी लातूर गाडी घेऊन निघालो. दवाखान्यांच्या रस्त्याला ट्रॅफिक तुंबलं होतं, गाडी उभी. ड्रायव्हरच्या सीटवरून सगळं दिसतं, उंच असतो आपण. चहाच्या टपरीवर बाकड्यावर पंचशीला बसलेली. निळी साडी, मीच घेतलेली. शेजारी भागवत. त्याची पण आज सुट्टी! त्यानं चहाचा कप तिच्या दोन्ही तळव्यांत नीट ठेवला. ती काहीतरी म्हणली अन् तो हसला. हसताना पण मान हलवली नाही, तेवढा ताठा. अन् ती पण हसली. घरी कधी हसली होती अशी?

उतरावं वाटलं. उतरून विचारावं, काय गं, हदगाव इथं आलं का? पण पाठीमागं साठ माणसं, गाडी चालू, पाय ब्रेकवर. पुढची रिक्षा हलली. पिराजीनं दोन बेल दिल्या. मी तसाच बसलेलो. परत दोन दिल्या. "अरे निघ की बाबा, झोपला का?"

निघालो. अहमदपूर येईस्तोवर रस्ता दिसला नाही मला. इमानदारीनं सांगतो, दिसला नाही.

संध्याकाळी विचारलं, बहीण कशी हाय? म्हणली, "बरी हाय."

१८ नोव्हेंबर

लातूरला बुद्धप्रियाच्या होस्टेलवर डबा द्यायला गेलो. पोरगी डॉक्टरकीच्या परीक्षेला बसली आहे, डोळ्याखाली काळं. म्हणलं, "बेटा, मम्मी तुला फोनवर काही बोलती का?" ती डब्याच्या झाकणाकडं बघत म्हणली, "पप्पा, मम्मीला विचारा ना. मला काय विचारता?"

म्हणजे पोरीलापण माहीत. बापाला सोडून सगळ्यांना माहीत.

२० नोव्हेंबर

मतदान. गाड्या निवडणुकीला लागल्या. मला देवणीकडं पेट्या अन् मास्तर लोक पोचवायचे होते. पंचशीला अन् भागवत माहूरकडं. रात्रभर तिकडंच.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

केलं एकदाचं.

डेपो मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. ह्या महिन्यात डिझेलचं अॅव्हरेज माझं सगळ्यात चांगलं आलं, म्हणून शाबासकी. साहेब माणूस भला आहे, नवीन आहे, परभणीकडचा. म्हणले, "बसा निवृत्ती. डेपोत काही अडचण असली तर मोकळं सांगत जा."

मी म्हणलं, "अडचण न्हाई साहेब. पण माहूर गाडी बेल न देता निघते. दारात पॅसेंजर असला अन् पडला तर? नियमात बसतं का ते?"

साहेबांनी चष्मा काढला. "बेल न देता? मग कसं?" मी म्हणलं, तुम्हीच बघा कसं. अन् आलो बाहेर.

जास्त काही होणार नाही. भागवतला उचलून दुसऱ्या गाडीवर टाकतील. किनवट टाका, भोकर टाका, कुठंबी टाका. पंचशीलाला दुसरा ड्रायव्हर मिळेल, म्हातारा. बस. एवढंच पाहिजे मला. अन् बोललो ते काही खोटं नाही. नियम तो नियम.

२३ नोव्हेंबर

निकाल लागला, गावभर फटाके. जिलेबी घेऊन आलो. पंचशीला म्हणली, "तुमचा कोण निवडून आला?" म्हणलं, असाच. लई दिवसांनी एकत्र बसून खाल्लं. तिनं जिलेबी दोन बोटांनी न उचलता तळहातावर घेऊन खाल्ली. आज कशावरच काही म्हणायचं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

लातूर स्टँडवर होतो तेव्हा पिराजीला फोन आला. ऐकता ऐकता त्याचं तोंड बदललं. हसला नाही. म्हणला, "निवृत्ती, घरी जा बाबा लवकर."

आता जे कळलं ते लिहितो. जसंच्या तसं.

हदगावला चेकिंगवाले चढले. दोन थांबे गपचूप बसून बघितलं. मग दोघांना डेपोत साहेबांसमोर उभं केलं. साहेब म्हणले, ताई, उभ्या गाडीत एकदा दोरी ओढून दाखवा. पंचशीलानं हात वर केला. बोटं दोरीभोवती मिटेनात. मनगट सुजून टम्म. दुसऱ्या हातानं बोटं दाबून मिटवायला लागली तर साहेबच म्हणले, राहू द्या, राहू द्या. मग भागवतला म्हणले, सीटवर बसा अन् मान वळवून मागचं दार बघा. त्याला वळवता आली नाही. इकडं नाही, तिकडं नाही. गुर्मी नव्हती ती! पाठीचा कणा अन् मान, दोन्ही आखडलेलं. तीन वर्षांपासून.

दोघं पण घरी. मेडिकल सर्टिफिकेट आणल्याशिवाय ड्युटी नाही.

मी घरी आलो तर ती पंख्याखाली खाली बसलेली. पंखा बंद. म्हणली, "बसा. सांगायचंच व्हतं कधीतरी."

आमवात. सांध्यांचा. शरीरच आपल्या सांध्यांवर उलटतं म्हणे, त्यानं सूज येते. म्हातारपणाचा नाही, थंडीचापण नाही. उन्हाळ्यापासून गोळ्या चालू आहेत, त्या पिवळ्या. सकाळचे दोन तास हात लाकडासारखे असतात, दुपारून बरे चालतात. सांध्यांच्या डॉक्टर मॅडमच्या बाकड्यावर तिला भागवत शेजारी बसलेला दिसला. एका डेपोतले, एका दवाखान्यात, दोघं पण तोंड लपवत.

"मग आम्ही ठरवलं," म्हणली. "ड्युटी लावणाऱ्याला मस्का मारून एका गाडीवर आलो. त्याला मान न्हाई, मला हात न्हाईत. चौकात मी उठून डावं-उजवं बघून सांगायची. पेटी त्यानं उचलायची. मागं घेताना मी उतरून शिट्टी. दोरीचं तेवढं आरशात."

मी म्हणलं, शिट्टी गळ्यातच असती की तुझ्या, तीच मारायची प्रत्येक थांब्याला.

"शिट्टी मारली की माणसं विचारतात, बेल का न्हाई? मान हलवलेली कुणाला कळत न्हाई. तीन महिने कळली नव्हती."

"अन् मला का न्हाई सांगितलं? मी काय मेलो व्हतो का?" आवाज चढला माझा.

ती शांतपणे म्हणली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणला असता, नोकरी सोड. न सांगता म्हणलातच की." मग म्हणली, "मॅडम म्हणल्या व्हत्या, काम सोडू नका. एकदा घरी बसलात की परत उभं राहणं अवघड जातं. हात वाचवा, पण काम धरून ठेवा. मला घरी न्हाई बसायचं हो. त्या बॅगेत हात घालून सुट्टे काढते ना मी, तेव्हा मी कुणीतरी असते."

मग तिनं विचारलं, "बोललं कुणी असंल साहेबाला?"

म्हणलं, "काय माहीत."

हात दाखवून अवलक्षण. तिचे हात, अवलक्षण माझं.

२७ नोव्हेंबर

तरी एक गोष्ट घशात अडकलीच आहे. त्याला सांगितलं. मला नाही. दुखणं असो की काहीही असो, एका बाकड्यावर बसून त्याला सांगितलं, अन् मी एका पलंगावर झोपतो.

अन् मान न वळणारा माणूस गाडी चालवत होता, पन्नास माणसं घेऊन. ते बंद झालं हे बरंच झालं की! असं मनाला सांगतो. मन ऐकत नाही. मी माणसांसाठी थोडाच बोललो होतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. पहिल्यांदा. बाकड्यावर एक शिंपी होता, एक शाळेची बाई, एक बँकेतला. मला वाटलं होतं सगळे म्हातारे असतील. सगळे कामावरून अर्धी सुट्टी टाकून आलेले. बँकेतल्यानं सांगितलं की त्याच्या मॅनेजरनं सकाळच्या काउंटरवरून काढून दुपारचं काम दिलं, पाच वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. शाळेची बाई खडूला रबराची नळी लावून जाड करती अन् लिहिती. एवढं साधं असतं म्हणजे. नळी, वेळ, एक खुर्ची. त्यासाठी आमच्याकडं दोन माणसं चोरासारखी राहिली.

मॅडमनी विचारलं, "घरी मदत कोण करतं?" पंचशीला खाली बघायला लागली. मी भिंतीकडं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं अन् पुढचा प्रश्न विचारला.

मॅडमनी लिहून दिलं. नोकरी करू शकतात. सकाळची पहिली गाडी नको, जड उचलणं नको, दोरीऐवजी शिट्टी चालू द्या, तपासणीच्या दिवशी रजा. साध्या मराठीत लिहिलं, साहेबाला कळावं म्हणून. मग सहज म्हणल्या, "भागवत कसे आहेत? त्यांचं इंजेक्शन चुकवू नका म्हणावं."

"बरे हायत मॅडम. मी आठवण करते त्यांना." अन् चेहरा उजळला तिचा. दवाखान्यात शिरल्यापासून पहिल्यांदा.

लाज वाटायला पाहिजे मला. अन् मी जळून राहिलो. दोन्ही एकदम होतं माणसाला, हे कुणी सांगितलं नव्हतं.

३ डिसेंबर

यूट्यूब बघून भाकर थापली. पहिली फाटली, दुसरी जळाली, तिसरी खाण्यासारखी झाली. पंचशीलानं खाल्ली. म्हणली, "मीठ न्हाई." पण खाल्ली पूर्ण. बरण्यांची झाकणं सगळी सैल करून ठेवली. एकूण एक. तिला मागायला लागू नये, अन् दुसऱ्या कुणाकडं तर नाहीच नाही.

६ डिसेंबर

बाबासाहेबांच्या पुतळ्याला गेलो दोघं. पांढरी साडी तिची. फुलं जड नसतात, तरी म्हणलं दे इकडं. दिली नाहीत. दोन्ही तळव्यांत धरून घेऊन गेली गर्दीतून. भागवत पण आला होता, त्याच्या बायकोला घेऊन. बायको मला हात जोडून म्हणली, "तुमच्या मिसेसमुळं ह्यांचे तीन महिने निघाले दादा." मी हात जोडले. दुसरं काय करणार.

९ डिसेंबर, सोमवार

साहेबांनी निकाल दिला. माणूस खरंच भला आहे. भागवतला चौकशीच्या केबिनमध्ये बसवलं, माईकवर गाड्यांची नावं पुकारायला, मान सुधारेपर्यंत. स्टिअरिंग सुटलं त्याचं. पगार तोच, पण ड्रायव्हरचं स्टिअरिंग सुटलं म्हणजे काय ते मला कळतं. पंचशीला कंडक्टरच राहणार! उशिराची माहूर गाडी, दोरीऐवजी शिट्टी, सगळं मॅडमनी लिहिल्यासारखं. फक्त ड्रायव्हर असा पाहिजे की जो पेटी उचलेल, गर्दीत सांभाळून घेईल, घाई करणार नाही.

साहेब स्वतः रेस्ट रूममध्ये आले विचारायला. कोण तयार आहे? एकानं मोबाईल काढला. एकजण हळूच म्हणला, पेटी उचलायला हमाल हाव का आपण?

मी हात वर केला. "मी नेतो माहूर गाडी. लातूर दुसऱ्याला द्या."

पिराजीनं शिट्टी मारली. हसले सगळे. हसू दे. आज मला चांगलं वाटलं हसलेलं.

आता आरसा माझा.

१० डिसेंबर

भागवत स्वतःहून आला. सगळ्या अंगानं वळून माझ्यासमोर उभा राहिला. म्हणला, "दादा, पेटी डाव्या बाजूला ठेवा, तिचा डावा हात बरा हाय. वारंग्यापर्यंत तिकिटं सावकाश होतात, तिथं गाडी जरा थांबवा. घाट लागला की तिला बसायला सांगा, ती ऐकत न्हाई." हे सगळं त्याला माहीत. मी ऐकत होतो अन् दात आवळत होतो. शेवटी म्हणला, "चांगलं झालं दादा. घरचं माणूस असलेलं केव्हाबी बरं."

त्याच्या तोंडाकडं बघवलं नाही मला.

११ डिसेंबर

माहूर गाडीचा आतला आरसा पुसला. जरा तिरका केला, कंडक्टरची सीट नीट दिसावी म्हणून. तिच्या सीटवर उशी शिवून आणली. फोनवर बुद्धप्रिया म्हणली, "पप्पा, मस्त केलंत." आवाजात पाणी होतं तिच्या.

खुशीत आहे मी. चाळीशी ओलांडलेला माणूस बायकोसोबत ड्युटी लागली म्हणून खुशीत आहे, हे वहीशिवाय कुणाला सांगणार.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज साहेबांनी पंचशीलाला बोलावलं होतं, रुजू होण्याच्या सह्या करायला. आल्यावर म्हणलं, काय म्हणले साहेब? म्हणली, "काही न्हाई. बरं बोलले." जेवली नाही नीट. दमली असेल. मी पाणी गरम करून घमेलं पुढं ठेवलं. तिनं हात घातले नाहीत, पाणी तसंच निवलं.

स्टँडवर आता दिवसभर भागवतचा आवाज. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, हदगावमार्गे जाणारी माहूर गाडी..." आवाज चांगला आहे मेल्याचा.

१४ डिसेंबर, शनिवार

पहिली ड्युटी. दत्त जयंतीची गर्दी, उभं राहायला जागा नाही. पेटी उचलायला गेलो तर म्हणली, "राहू द्या." दोन्ही हातांनी छातीशी धरून स्वतः चढली. उशी काढून रॅकवर ठेवली.

नांदेड सुटताना आरशात बघितलं. शिट्टी गळ्यात होती. तिनं मनगट दोरीला गुंडाळलं अन् अंगाचा भार टाकून ओढली. दोनदा. हदगावला तेच. प्रत्येक थांब्याला तेच. आरशात एकदाही बघितलं नाही.

माहूरला गाडी रिकामी झाल्यावर मागं गेलो. मनगट लाल झालेलं. म्हणलं, शिट्टी मार की पंचशीला, साहेबांनी दिलीय परवानगी.

पिशवीतले सुट्टे मोजत म्हणली, "साहेब म्हणले, मिस्टरांचे आभार माना. बेल न देता गाडी निघते, हे त्यांनीच येऊन सांगितलं, म्हणून तुमचा आजार कळला." मग माझ्याकडं बघितलं. "बसा जागेवर. वेळ झाली."

जाऊन बसलो. दोन बेल वाजल्या. मी गाडी काढली.